मानशीची कमान

दिवाडीच्या बांधावर, मानशीच्या तोंडाशी,
जुनी कमान गेल्या उधाणात बसली.
चिरे पाण्यात गेले, खारं पाणी आत आलं,
आणि कोरगुटाच्या शेताला आठ दिवस
कालवांचा वास येत राहिला.

भौसच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं,
ती पणजीला गणित शिकवते ना, तिला विचारा.
म्हणून आले. सव्वासातच्या फेरीबोटीने.
पिशवीत पट्टी, खडू,
आणि विहिरीच्या राटाची साखळी, साडेचार हात.

बोस्त्यांव मेस्त चिऱ्यावर बसून विडी ओढत होता.
मोडक्या दाराच्या फळीवर मी दोन खिळे ठोकले,
साखळी टांगली. ती थोडी हलली,
मग तिने आपलं ठरवलं.

कुठलीही एक कडी घे, मी सांगू लागले
(वर्गातला आवाज, तो लपत नाही),
डावीकडची तिला ओढते, उजवीकडची ओढते,
तिसरं तिचं स्वतःचं वजन.
आडवी ओढ टोकापासून टोकापर्यंत तीच.
बदलतो तो उतार:
खाली जितकी साखळी लोंबते, तितका तो चढा.
एवढंच समीकरण. ते सोडवलं की
ई-चा एक घात वाढत जातो, दुसरा विझत जातो,
दोघांची बेरीज, तिची अर्धी:
अपास्तीय कोज्या. वर्गात आम्ही कॉशच म्हणतो.
आता उलटी कर. ताणाचा दाब झाला.
अशी बांध, चुन्यावाचूनही उभी राहील.

त्याने विडी विझवली.
"आनी वयली माती, बाय?"

वरची माती.
बांध तर कमानीवरूनच जातो. मधे वीतभर,
कडेला, जिथे कमान खाली वळते, तिथे कमरेइतकी.
माझी साखळी फक्त स्वतःला उचलत होती.

नवं समीकरण मांडता आलं असतं,
घरी, रात्री, संगणकावर.
अमावास्या चार दिवसांवर होती.
आणि मेस्ताकडे साचा एकच, बापाचा, फणसाच्या लाकडाचा,
चोख अर्धं वर्तुळ,
माझ्या साखळीच्या दोन्ही खांद्यांशी बाहेर फुगणारं.

त्याने पुतण्याला हाक मारली.
रोमाल्द पागाचं फाटकं जाळं घेऊन आला.
मेस्ताने त्यातले शिशाचे मणी सोडवले
आणि कडीकडीला बांधू लागला.
मधे एक. पुढे दोन. मग चार.
कडेला सात, नऊ.
वितीने माती मोजायची, बोटांनी शिसं.
मी ज्याला संकलन म्हणते
ते तो सुतळीने करत होता.

साखळीचे खांदे भरत गेले.
मधली कडी, जी सगळ्यात खाली होती,
दोन बोटं वर आली.
रोमाल्दने साचा उलटा करून मागे धरला.
मी खडूने चिऱ्याची जाडी आखली, आतली रेघ, बाहेरची रेघ,
साखळी दोन्हींच्या मधे राहिली.
फक्त डावीकडे, एके ठिकाणी, रेघेला टेकली.
तिथे बोट ठेवून तो म्हणाला, हांगा जाड चिरा.

बापाला हे कोणी शिकवलं, मी विचारलं.
बापाच्या दोन पडल्या होत्या, तो म्हणाला,
आणि मणी मोजून जाळ्यात परत ओवू लागला.
एक कमी भरला.

तिसऱ्या दिवशी, ओहोटीला, पाचरी काढल्या.
कमान केसभर खाली बसली. कुठेतरी आत
दाताखाली खडा यावा तसा आवाज झाला.
आम्ही तिघं काहीच बोललो नाही.
मग पाणी वाढू लागलं, दार आपोआप मिटलं,
खेकडे चिऱ्यांवर चढून बघून गेले.

परतीच्या फेरीत धक्क्याची साखळी लोंबत होती.
मी तिच्याकडे पाहिलं नाही असं नाही.

सोमवारी फळ्यावर लिहिलं:
भार एकसमान आहे असं मानू.
दरवर्षी लिहिते.
यंदा "मानू"खाली रेघ ओढली.
पहिल्या बाकावरच्या मुलीने
ती रेघही वहीत उतरवून घेतली.